काट्यावर पैलवान

सोमवार, ६ फेब्रुवारी

चिऊ आज सकाळच्या गाडीने ट्रेनिंगला गेली. सहा आठवडे. तिचा कुत्रा माझ्या ताब्यात. कुत्र्याचं नाव पैलवान. तब्येत नावाच्या बरोबर उलट, बरगड्या लांबूनही मोजता येतात.

आधी लेक त्याला मामाकडे ठेवणार होती. मीच आडवा आलो. घरात बाप धडधाकट असताना कुत्रा दुसऱ्याच्या दारात कशाला? मामा म्हणजे सौ.चा धाकटा भाऊ. माणूस वाईट नाही. पण काहीही विचारा, मला नाही बुवा कळत म्हणतो, आणि वर हसतो. बल्ब गेला तरी चार जणांना विचारून बदलतो. अशा माणसाच्या हातात मुका जीव द्यायचा?

चिऊने माझ्याकडे जरा वेळ बघितलं. मग म्हणाली, बाबा, नक्की जमेल ना? जमणार नसेल तर आत्ताच सांगा, मामा तयार आहे.

मनाला लागलं. अठरा वर्षं मी साठ टनांचा वजनकाटा सांभाळतोय. दिवसभर ट्रक येतात, काट्यावर चढतात, मी पावती फाडतो, उतरतात. एवढाले ट्रक जमतात आणि गुडघ्याएवढा कुत्रा जमणार नाही?

संकल्प: चिऊ परत येईल तेव्हा पैलवान नावाला शोभेल असा झालेला असेल. ती म्हणेल, बाबा, मानलं तुम्हाला. एवढं एक वाक्य मला ऐकायचंय. तिच्या आईला ती असलं काहीबाही रोज म्हणत असते.

मंगळवार, ७ फेब्रुवारी

चिऊने अपॉइंटमेंट घेऊन ठेवली होती, म्हणून पैलवानला जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. दवाखाना म्हणजे दीड खोली. दाराशी पायपुसण्याएवढा एक काटा. त्याला काटा म्हणायचं म्हणजे माझ्या धंद्याचा अपमान आहे. त्यावर पैलवान तेरा किलो भरला.

बाईंनी त्याचा ओठ उचलून हिरड्या पाहिल्या, पोट दाबलं, शेपटी वर केली. मी भिंतीवरचं कॅलेंडर वाचलं. मग म्हणाल्या, पोटात जंत दिसतायत. काही जंत आतड्याला चिकटून रक्त पितात, काही खाल्लेलं अन्न मधल्यामध्ये खातात. कुत्रा खात राहतो आणि वाळत जातो. वजनाप्रमाणे गोळ्या दिल्या. आज एक डोस, पंधरा दिवसांनी दुसरा. आणि उद्या शीचा नमुना डबीत आणा, सूक्ष्मदर्शकाखाली बघू नक्की कुठले जंत आहेत ते.

मी हसलो. मी भर रस्त्यातून कुत्र्याची शी डबीत घालून नेणार नाही. आमच्या घरची ती रीत नाही.

आणि जंत? आमच्याकडे? पैलवान घरातलं खातो, सोफ्यावर झोपतो. गोळ्या खिशात टाकल्या. या बाईंचं निदान आधी तपासून घ्यायला हवं.

बुधवार, ८ फेब्रुवारी

तपासलं!

पैलवानला कामावर नेलं आणि दोन ट्रकच्या मधल्या वेळात काट्यावर उभं केलं. स्क्रीनवर आकडा: वीस किलो.

काल तेरा, आज वीस. याचे दोनच अर्थ होतात. एक तर बाईंचा काटा भंगार आहे, नाही तर माझ्या देखरेखीखाली कुत्र्याने एका दिवसात सात किलो वजन घेतलं. दोन्हीपैकी काहीही धरलं तरी जंत नाहीत. जंत असते तर वजन वाढेल कसं? गोळ्या ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये टाकल्या. उगाच केमिकल कशाला पोटात घालायचं?

भांडखोर टेम्पोवाला खिडकीशी उभा होता. त्याला काम कमी आणि वाद जास्त. म्हणाला, काका, तुमचा काटा वीस-वीसच्या पायरीने चालतो. दहा ते तीसमधलं काहीही ठेवा, वीस म्हणेल. दहाच्या खाली काहीही ठेवा, शून्य म्हणेल. इथे कुत्रं मोजून काय कळणार?

हा वाद अठरा वर्षं चालू आहे. प्रत्येक ड्रायव्हरला वाटतं काट्याने आपल्याला फसवलं. मी प्रत्येकाला एकच वाक्य सांगतो: काटा सांगतो ते खरं. आता कुत्र्यासाठी मी स्वतःच म्हणू की काट्याला कळत नाही? उद्यापासून खिडकीशी रांग लागेल. टेम्पोवाल्याला सांगितलं, गाडी पुढे घे.

ऑफिसातला मॅनेजर पैलवानला हुंगून गेला. मॅनेजर म्हणजे यार्डातला दांडगा कुत्रा. दिवसभर माझ्या टेबलाखाली झोपून असतो, म्हणून हे नाव.

रविवार, १२ फेब्रुवारी

चिऊचा फोन. पहिला प्रश्न माझ्या तब्येतीचा नाही, पैलवानच्या. मी म्हणालो, ठणठणीत. गोळी दिली ना? मी म्हणालो, सगळं व्यवस्थित चालू आहे. हे खोटं नाही. सगळं चालूच आहे.

आहार योजना सुरू. सकाळी दोन अंडी, दुपारी भात, संध्याकाळी कच्ची कलेजी. कच्ची मुद्दाम. शिजवल्याने ताकद निघून जाते. खाटीक म्हणाला, कच्ची नका देऊ साहेब, शिजवून द्या. हल्ली खाटीकसुद्धा डॉक्टर झालेत.

पैलवान ताटली चाटून पुसून साफ करतो. आणि ताटली संपली की माझ्याकडे बघत बसतो. केवढी ही भूक! भूक म्हणजे तब्येतीचा पुरावा.

बुधवार, १५ फेब्रुवारी

पैलवानने नवा व्यायाम शोधलाय. ढुंगण जमिनीला टेकवायचं, पुढचे पाय ताणायचे आणि अख्ख्या हॉलभर स्वतःला ओढत न्यायचं. आज तीनदा केलं. मागच्या मांड्यांना उत्तम.

सौ. म्हणाली, त्याला तिथे खाज येतेय, डॉक्टरांना विचारा. मी म्हणालो, तू व्यायाम करत नाहीस म्हणून तुला व्यायाम ओळखू येत नाही.

जेवण वाढताना ती काही बोलली नाही. पटलं असावं.

शनिवार, १८ फेब्रुवारी

शेपटीखाली भाताची शितं चिकटलेली दिसली. सोफ्यावरही दोन-तीन. म्हणजे भात पचत नाही. बघा, निरीक्षण असलं की निदान होतं. डॉक्टरीणबाईंना सूक्ष्मदर्शक लागतो.

भात आजपासून बंद.

बुधवार, २२ फेब्रुवारी

भात बंद करून चार दिवस झाले. शितं येतच आहेत.

आधीचा साठा असणार.

आज पुन्हा काटा केला. वीस किलो. वजन टिकून आहे. दिसायला थोडा उतरल्यासारखा वाटतो, हे मान्य. पण डोळ्यांवर किती विश्वास ठेवायचा? डोळ्यांना फसवता येतं, काट्याला नाही.

दवाखान्यातून फोन आला. दुसऱ्या डोसची तारीख झाली, आणि नमुना अजून आलेला नाही. मी म्हणालो, नमुना तयार होतोय. पलीकडची मुलगी गप्प झाली. तिला याचा अर्थ लागला नसावा. मलाही लागला नाही.

शुक्रवार, २४ फेब्रुवारी

पैलवानला उलटी झाली. त्यात पांढरा दोरा. वीतभर. मी सौ.ला चांगलंच सुनावलं की शिवणकामाचे दोरे असे जमिनीवर टाकायचे नसतात, मुक्या जनावराच्या पोटात जातात.

सौ. म्हणाली, आपल्या घरात शिवणकाम कोण करतं?

मी म्हणालो, चौकशी करावी लागेल.

दोरा थोडा हलत होता. पण पंखा चालू होता. मी पंखा बंद केला. मग मी लगेच फरशी पुसून घेतली, म्हणजे पुढे काय झालं ते मी पाहिलेलं नाही आणि त्यामुळे त्याबद्दल इथे काही लिहिता येणार नाही.

रविवार, २६ फेब्रुवारी

चिऊला व्हिडिओ कॉल हवा होता. म्हणाली, मला त्याला बघायचंय. मी म्हणालो, लाइट गेलेत. ती म्हणाली, बाबा, तुमच्या मागे ट्यूब चालू आहे. मी म्हणालो, त्याच्या बाजूचे गेलेत.

मग पैलवानच्या नाकाजवळ फोन धरला, नुसतं नाक दिसेल असा. तिने हाक मारली. त्याने शेपटी हलवली, दोनदा. एरवी तिचा आवाज ऐकला की घर डोक्यावर घेतो. म्हातारपणाचा पोक्तपणा एवढ्या लवकर येईल असं वाटलं नव्हतं. वय सव्वा वर्ष.

मी तिला खरं सांगणारच होतो. पण आधी ती म्हणाली, मला काळजी वाटत होती, पण तुम्ही आहात म्हणून निर्धास्त आहे. आता यानंतर माणूस काय सांगणार?

पोट मात्र छान गोल झालंय. बाकी अंग हाडकुळं आणि पोट तेवढं नगाऱ्यासारखं. वजन कुठून तरी सुरू व्हायचंच. पोटापासून सुरू झालं.

गुरुवार, २ मार्च

पैलवान जिना चढला नाही. पहिल्याच पायरीवर बसला आणि माझ्याकडे बघत राहिला. उचलून वर आणला. हलका लागला. पण मी हल्ली ताकदवान झालो असेन. त्याने टाकलेली अंडी मलाच संपवावी लागतात.

जांभई दिली तेव्हा हिरड्या दिसल्या. पांढऱ्या. दातांचा आणि हिरड्यांचा रंग एकच. दोन मिनिटं मी स्वतःला सांगत होतो की हे स्वच्छतेचं लक्षण आहे. मग बाथरूममध्ये जाऊन आरशात स्वतःचा ओठ उचलून बघितला. माझ्या हिरड्या गुलाबी आहेत.

सौ. आज कडाडली. म्हणाली, डॉक्टरकडे नेताय की मी नेऊ? मी म्हणालो, सोमवारी नेतो. ती म्हणाली, सोमवारी का? मी म्हणालो, सोमवारी काट्यावर गर्दी कमी असते. खरं कारण असं की दवाखान्यात गेलो की बाई पहिला प्रश्न गोळ्यांचा विचारतील. गोळ्या ड्रॉवरमध्ये आहेत. पाकीटसुद्धा फोडलेलं नाही.

उपाय सुचला. उद्या गोळ्या देऊन टाकायच्या, दोन दिवसांत सुधारणा होईल, मग सोमवारी दवाखान्यात ताठ मानेने जायचं.

शुक्रवार, ३ मार्च

गोळ्या कलेजीत लपवल्या. पैलवानने कलेजीकडे बघितलंसुद्धा नाही.

मग जबडा उघडून घशात टाकल्या. त्याने जराही विरोध केला नाही. शहाणा झाला, असं वाटलं. लगेच उमगलं की हा शहाणपणा नाही, त्याच्यात विरोध करायचं बळच उरलेलं नाही. अर्ध्या तासाने गोळ्या उलटून बाहेर.

त्याला मांडीवर घेऊन बसलो. नाही, बसलो नाही, तो मांडीवर पडला आणि मला उठता येईना.

रविवार, ५ मार्च

चिऊच्या फोनच्या वेळी मी मुद्दाम आंघोळीला गेलो. सौ.ने घेतला. दाराला कान लावून ऐकलं. सौ. म्हणाली, बाबा आंघोळीला गेलेत. मग बराच वेळ काही ऐकू आलं नाही. मी पाणी सोडून ठेवलं होतं, तेच आडवं आलं.

पैलवानची शी काळी झालीय. डांबरासारखी. मी घरात कोणाला सांगितलं नाही. घरात आहोत दोघंच.

उद्या नेतो. उद्या म्हणजे उद्याच.

सोमवार, ६ मार्च, सकाळ

दवाखान्याऐवजी काट्यावर नेला. का नेला? कारण मला एकदा तो वीसचा आकडा बघायचा होता. वीस दिसला असता तर हातात काहीतरी घेऊन बाईंसमोर जाता आलं असतं. म्हणता आलं असतं, अहो, वजन तर टिकून आहे.

उचलून काट्याच्या मधोमध ठेवला. उभा राहिला नाही, आडवा झाला. मी केबिनमध्ये आलो, स्क्रीन बघितला.

शून्य.

रिसेट केलं. शून्य. वायर हलवली. शून्य. बाहेर बघितलं तर पैलवान काट्यावर होता. मला तो दिसत होता आणि काट्याला तो दिसत नव्हता.

मागे ट्रकची रांग, हॉर्न. टेम्पोवाला खिडकीशी आला. मला वाटलं, आता तोंड सोडणार. पण तो हळू आवाजात म्हणाला, काका, दहाच्या खाली गेला तो. उचला त्याला.

सोमवार, ६ मार्च, संध्याकाळ

सगळं लिहून काढतो.

टेम्पोवाल्यानेच दवाखान्यात पोचवलं. त्या पायपुसण्याएवढ्या काट्यावर पैलवान साडेनऊ किलो. बाईंनी ओठ उचलला आणि त्यांचा चेहरा बदलला. बोटावर रक्त घेतलं, ते रक्तासारखं दिसतच नव्हतं. नमुना त्यांनी स्वतःच घेतला. मग मला बोलावून सूक्ष्मदर्शकातून बघायला लावलं. लांबट, पारदर्शक अंडी, एकाला लागून एक. म्हणाल्या, ही रक्त पिणाऱ्या जंतांची. आणि शेपटीखाली शितं दिसली होती का? ते पट्टकृमीचे तुकडे, पिसवांमुळे होतात. दोरे पडले होते का? तेही जंतच, गोल जंत. तीनही प्रकार आहेत याच्या पोटात.

त्या एकेक विचारत होत्या आणि मी प्रत्येकाला हो म्हणत होतो. प्रत्येक वेळी मनात माझं स्वतःचं निदान आठवत होतं: भात. दोरा. पंखा.

दोन्ही डोस वेळेवर दिले होते ना, असं त्यांनी विचारलं. मी म्हणालो, नाही. एकही नाही. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, आणि ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

जंत मारायच्या आधी त्याला जगवायला हवं, म्हणाल्या. रक्त द्यावं लागेल. आजच. दुसऱ्या कुत्र्याचं. मोठा, निरोगी कुत्रा, नियमित जंतांचं औषध मिळालेला. आहे का माहितीतला?

मला मॅनेजर आठवला. बाई दर तीन महिन्यांनी यार्डात येऊन तिथल्या कुत्र्यांना गोळ्या देऊन जातात. मी दर वेळी केबिनमधून बघून म्हणायचो, यांना दुसरं काम नाही.

बाई म्हणाल्या, तो मोठा काळा? चालेल. पण वजन पंचवीसच्या वर हवं, त्याहून कमी असला तर रक्त काढताना त्यालाच धोका. आधी वजनाची खात्री करून फोन करा, कमी असला तर मला दुसरीकडे विचारावं लागेल आणि तेवढा वेळ याच्याकडे नाही.

यार्डात आलो. मॅनेजरला बिस्किट दाखवून काट्यावर आणला. पाच-सहा ड्रायव्हर जमलेले, सगळ्यांना बातमी लागलेली. स्क्रीनवर वीस. एक ड्रायव्हर म्हणाला, वीसच आहे, गेलं काम. दुसरा म्हणाला, काटा सांगतो ते खरं ना काका?

आता वीस म्हणजे अकराही असेल, एकोणतीसही असेल. फोन हातात. बाई वाट बघतायत. वीस म्हणून सांगितलं तर मॅनेजर बाद. अंदाजाने तीस म्हटलं तर मॅनेजरचा जीव. आणि इथे सगळी रांग माझ्या तोंडाकडे बघतेय.

मी म्हणालो, या काट्यावर कुत्रा मोजता येत नाही. दहा ते तीसच्या मधलं याला काहीही कळत नाही. कधीच कळत नव्हतं. तुम्ही बरोबर होता.

टेम्पोवाल्याने टेम्पोचं मागचं फळकूट खाली टाकलं. मॅनेजरला चौघांनी मिळून उचलला. सकाळी कुत्रा काट्यावर असताना स्क्रीनवर शून्य बघितलं होतं, त्यापेक्षा हे कबूल करणं सोपं गेलं, एवढं खरं.

दवाखान्यातल्या काट्यावर मॅनेजर अठ्ठावीस भरला. मी भिंतीला टेकून खाली बसलो.

मंगळवार, ७ मार्च

रक्त चढलं. पैलवान जिवंत आहे. बाई म्हणतात, दोन दिवस काही सांगता येत नाही.

मी त्याच्या पिंजऱ्याशी बसून आहे. आज काट्यावर गेलो नाही. मला भीती वाटतेय. ही गोष्ट दुसऱ्या कुठल्या शब्दात लिहिता येईल का ते बघत होतो, सापडलं नाही.

चिऊला फोन करायला हवा. मनात वाक्यं जुळवली. बेटा, थोडा अशक्तपणा आहे. खोडली. बेटा, एक किरकोळ गोष्ट आहे. खोडली. सौ. डबा घेऊन आली. मी विचारलं, चिऊला कसं सांगायचं? ती म्हणाली, रविवारीच सांगितलंय. तुम्ही नळ सोडून बसला होतात तेव्हा. ती कालच्या गाडीने निघालीय, दुपारपर्यंत पोचेल.

ट्रेनिंग अर्धवट सोडून.

गुरुवार, ९ मार्च

पैलवान आज स्वतःहून पाणी प्यायला. हिरड्यांना किंचित रंग. बाईंनी आता जंतांचं औषध सुरू केलंय, बेताबेताने. पिसवांचंही. म्हणाल्या, पिसवा गेल्या नाहीत तर पट्टकृमी पुन्हा येणार, आणि घरातल्या सगळ्यांनी आपापल्या डॉक्टरला विचारून गोळी घ्या. सौ.ने माझ्या हातावर गोळी ठेवली. मी काही न विचारता गिळली.

चिऊ दोन दिवस त्याच्याजवळ बसून आहे. माझ्याशी बोलते. चहा घेतला का बाबा, विचारते. रागावलेली दिसत नाही. म्हणजे परिस्थिती वाटली तितकी वाईट नाही.

रोज सकाळी दवाखान्यातून मोठ्या लॅबला नमुना मी नेतो. डबीत घालून, मुख्य रस्त्याने. काल शेजारच्यांनी विचारलं, डबीत काय? मी खरं सांगितलं. ते मागे सरकले.

मंगळवार, १४ मार्च

पैलवान घरी! साडेदहा किलो. हे वजन मी सांगत नाही, नवा छोटा काटा आणलाय तो सांगतो. वजनाचा तक्ता भिंतीवर. औषधांची वेळ लिहिलेली. कलेजी शिजवून. घर रोज दोनदा पुसतो. सोफ्याची खोळ गरम पाण्यात.

चिऊचं ऑफिस चांगलं निघालं, ट्रेनिंग पुढच्या आठवड्यात पुन्हा जोडून देणार. म्हणजे तिला परत जायचंय. म्हणजे पैलवान इथेच राहणार. या वेळी मी दाखवून देतो. या वेळी मला सगळं माहीत आहे. रक्त पिणारे, पट्टकृमी, गोल जंत, अंडी मातीतून कशी येतात, पिल्लांना आईकडून कशी मिळतात, सगळं. अख्ख्या गल्लीत माझ्याएवढं जंतांचं ज्ञान कोणाला नसेल.

रविवार, १९ मार्च

चिऊ सकाळी गेली. पैलवानला मामाकडे ठेवून.

मी तक्ता दाखवला. तिने नीट बघितला, छान केलाय म्हणाली. मी म्हणालो, मग? मामाला कुत्र्यातलं ओ की ठो कळत नाही. चिऊ म्हणाली, हो बाबा. त्याला कळत नाही आणि तो तसं सांगतो. म्हणून त्याच्याकडे ठेवतेय.

मी म्हणालो, तू रागावली आहेस. ती म्हणाली, तो आजारी पडला याचा राग नाही, कुत्री आजारी पडतात. मी दर रविवारी तुम्हाला विचारलं होतं. एकदा जरी म्हणाला असतात की बाळा, बरा नाहीये, मला समजत नाहीये, तर मी पुढच्या गाडीने आले असते.

मी म्हणणार होतो, तुला उगाच काळजी नको म्हणून. तोंडापर्यंत आलं होतं. मग म्हटलंच नाही. खरं म्हणजे मला फक्त तिने मला मानावं असं वाटत होतं, आणि त्यापायी तिचा कुत्रा माझ्या हातात वाळत गेला.

तिने वाकून नमस्कार केला आणि गेली. पैलवान मामाच्या स्कूटरवर पुढे उभा राहिला. मागे वळून बघेल असं वाटलं होतं. समोरून दुसरा कुत्रा येत होता, त्याच्याकडे बघत गेला.

रविवार, २६ मार्च

दुपारी मामाचा फोन. आवाजात घाबरगुंडी. दाजी, पैलवानने आज सकाळचं अर्धंच खाल्लं.

मी खुर्ची ओढून बसलो. चष्मा लावला. शेवटी आलाच ना फोन! अनुभव लागतोच माणसाला. मी सुरुवात केली, हे बघ, आधी ओठ उचलून हिरड्यांचा रंग सांग, शी कशी आहे ते सांग, पोट फुगलंय का, मग मी तुला सांगतो काय ते.

मामा म्हणाला, ते मला नाही बुवा कळत. मी त्याला घेऊन निघालोय. फक्त डॉक्टरीणबाईंचा नंबर हवा होता, चिऊने दिलेला कागद घरी राहिला.

नंबर दिला. पाठ आहे. घाईत त्याने नीट ऐकला नाही, म्हणून पुन्हा एकदा सावकाश सांगितला.